योगिता जाते कुठे?

सरलाबाईंचा मुलगा धर्मेंद्र वारल्याला आठ महिने झाले, तेव्हापासून त्याची बायको योगिता घरात धड बोललीही नव्हती. आणि आता पंधरा दिवस झाले, रोज दुपारी साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम बाजूला सारून ती बाहेर पडायची आणि तासाभराने गुणगुणत परत यायची. विचारलं तर म्हणायची, "इथेच होते, आई." काल तर तिचे केस सुटलेले होते आणि गालाला माती लागली होती. इथे कतारगामच्या वस्तीत आपल्या गावाकडची एवढी घरं. कुणी पाहिलं तर? सरलाबाईंना अन्न गोड लागेना.

आज त्या सुनेच्या मागोमाग निघाल्या. योगिता एका बंद कारखान्याच्या आवारात शिरली. आतून तिचं खिदळणं ऐकू आलं.

"अरे, सोड ना! ओढणी सोड माझी!"

सरलाबाईंचं डोकं फिरलं. त्यांनी धाडकन फाटक ढकललं.

योगिता मातीत फतकल मारून बसली होती. कुत्रीची चार पिल्लं तिच्या अंगावर चढत होती, पाचवं ओढणीला लोंबकळत होतं. सासूला बघताच तिचं हसू विरलं.

"चुकलं माझं, आई. इथे आलं की घटकाभर... ते नाहीत हे विसरायला होतं."

एक पिल्लू येऊन सरलाबाईंचं पाऊल चाटू लागलं. त्या हळूच खाली बसल्या, त्याला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या,

"आणि मला मात्र रोज घरात एकटीला सोडून येत होतीस?"