सूपभर दळण

"गावात भांडणंच नाहीत, तर अनुदान कशाला?" समेट केंद्राची पडवी न्याहाळत तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं आणि केंद्र चालवणाऱ्या द्वारकाबाई मनातल्या मनात चरफडल्या. सरकारी पैसा दुसऱ्या गावाला गेला, तर केंद्राला टाळंच! नेमकं आजच गाव कसं मेलं शहाण्यासारखं वागत होतं!

"बाई, त्या ड्रायव्हरला गाडी काढायला सांगा," साहेब तोंड फिरवून म्हणाले.

ड्रायव्हर तुपे तर चार हातांवरच उभा. तोही तोंड फिरवून म्हणाला, "मावशी, साहेबांना म्हणावं, आता तरी रस्ता मला विचारा. मोबाईलचं ऐकून गाडी ओढ्यात घालायला लावली. ढकलली कुणी? मी!"

द्वारकाबाईंचे डोळे लकाकले. पदर खोचून त्यांनी दोघांना जात्याशी समोरासमोर बसवलं. "इथला नेमच आहे. भांडणाऱ्यांनी आधी सूपभर ज्वारी दळायची, मग तोंड उघडायचं."

साहेब खुंटा इकडे ओढत, तुपे तिकडे. जातं जागचं हलेना. मग द्वारकाबाईंनी ओवी धरली, आणि सुरासरशी दोन्ही हात एका लयीत आले. जातं घरघरलं, पीठ चांदण्यासारखं झरू लागलं.

"तुपे, चुकलंच माझं," साहेब पुटपुटले.

"मीपण जरा जास्तच बोललो, साहेब."

पिठानं पांढऱ्या झालेल्या मिशा पुसत साहेब खदखदून हसले. "अनुदान मंजूर! बोला बाई, काय घ्यायचं? टेबल? खुर्च्या?"

"अजून एक जातं घ्या," द्वारकाबाई म्हणाल्या. "आता तुमचं अख्खं ऑफिस येईल."