पऱ्हाटी

दिग्रसजवळच्या तांड्यावर राहून बादल सिनेमांसाठी आवाज तयार करायचा. आई चुलीसाठी कापसाची वाळलेली पऱ्हाटी मोडत होती, तेव्हा त्यानं माइक धरला आणि तोच कडकड आवाज भुताच्या सिनेमात हिरोची हाडं मोडायला वापरला.

मोबाइलवर सिनेमा बघताना आईनं, म्हणजे त्याच्या याडीनं, घाबरून पदर तोंडावर घेतला.

"याडी, काहून भेतं? हाडं नाही, तुह्या हातची पऱ्हाटी हाये ते!" त्यानं हसत हसत मूळ रेकॉर्डिंगच ऐकवलं.

सिनेमा गाजला. दुसऱ्या भागाचं कामही बादललाच मिळालं. तो माइक घेऊन चुलीपाशी धावला, तर चूल थंड.

"त्या हिरो पोट्ट्याचे हाडं आता तूच मोड बापा," आई आतून म्हणाली. "मी गॅसवर सैपाक करून राह्यली."