खुर्चीतला डाव

"वहिनी, आता कॅरम बरा तुम्हाला," सपकाळ म्हणाले. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर क्लबात झालेली माझी ही पहिली विचारपूस. डॉक्टरांनी उभं राहून टेबल टेनिस खेळायला बंदी केली होती, बसून नाही. मी खुर्ची ओढली, टेबलाचा अर्धा भाग भिंतीसारखा उभा केला आणि त्यावर चेंडू मारत बसले.

पावसाळा असाच गेला. सकाळी घोट्याला वाळूची पिशवी बांधून पाय उचलायचा, संध्याकाळी खुर्चीत बसून मनगट झिजवायचं. येणारेजाणारे 'वा, काय जिद्द!' म्हणायचे. लोकांना जिद्द लांबून बघायला आवडते, समोर बॅट घेऊन कोणी उभं राहत नाही.

शेवटी मीच सपकाळांना बोलावलं. "मी बसून खेळते, तुम्ही उभ्यानं खेळा. घाबरू नका."

आजाऱ्याला मोसंबी द्यावी तसे ते उंच, गोड चेंडू देत राहिले. मी एकेक चेंडू त्यांच्या कोपराशी असा हाणला की बॅट वळवायला त्यांना जागाच मिळेना. बरोबरी झाली तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. बाकावरचे लोक चहा विसरले.

शेवटच्या पॉइंटला त्यांनी चेंडू नेटलगत अलगद टाकला. खुर्चीतून तिथे हात पोचणं शक्यच नव्हतं.

"हा हलकटपणा आहे, सपकाळ!"

"मग काय हरू तुमच्याकडून?" ते धापा टाकत म्हणाले.

इतक्या महिन्यांत एवढा मान मला कोणी दिला नव्हता.

"उद्या लवकर या," मी म्हटलं. "नाहीतर कॅरम आहेच तुम्हाला."