पंखाखालचा ठसा

किहीमच्या विश्वंभर जोगळेकरांना निवृत्तीनंतर एकच नाद लागला होता, सुटे भाग जोडून बनवायच्या प्लॅस्टिकच्या जुन्या खेळण्यातल्या विमानांचा. कुठलं किट पहिल्यांदा कधी निघालं, पुन्हा कुठल्या खोक्यातून आलं, याचा छडा लावत बसायचे. खोकी बदलतात, पण ज्यात भाग ओततात तो पोलादी साचा तोच राहतो. म्हणून साच्यातला दोष प्रत्येक आवृत्तीत उतरतोच.

एका विमानाच्या पंखाखाली असाच दोष होता, अंगठ्याचा ठसा. त्यावर तिरका व्रण. लहानपणी कोयता लागून विश्वंभरांच्या अंगठ्यावर पडला होता, अगदी तसाच. त्यांनी अंगठा टेकवून पाहिला. रेघ न् रेघ जुळली.

पहिली आवृत्ती तर त्यांच्या जन्माआधीची होती.

आज दुपारी त्याच विमानाची नवी आवृत्ती कुरियरने आली. त्यांनी पंख उजेडात धरला. ठसा होता, पण अर्धाच. व्रणाच्या वरचं सगळं गुळगुळीत, सपाट.

विश्वंभरांनी अंगठा मुठीत दडवला.

"अहो!" गोदावरीबाई दारात उभ्या होत्या. एका हातात शहाळं, दुसऱ्या हातात कोयता. "मेलं सारखं घसरतंय. तुम्ही नुसतं धरा, घाव मी घालते."