बर्फाच्या दारापुढची इर्ना

"इर्ना काहीच कशी विसरली नाही?" फर्गसने पुस्तक टेबलावर आपटलं. "प्रत्येक मंत्रापायी एक आठवण जाते. मग एकोणिसाव्या प्रकरणात बर्फाचं दार तसंच कसं उघडलं?"

"दाराला दया आली असेल," मॉरग म्हणाली. "तुझी नाही का येत आम्हाला?"

एफी हसली. डंडीच्या वाचनालयातल्या या खोलीत दर गुरुवारी दुपारी चहा ओतला की हाच वाद सुरू व्हायचा. पुस्तक छापून यायच्या आधीच लेखिका वारली होती, त्यामुळे खुलासा करायला कुणी नव्हतं. एकेकाळी अकरा जण यायचे. आता हे तिघंच उरले होते. बाकीचे सहा दिवस एफीच्या घरात रेडिओ तेवढा बोलायचा.

"आता सोक्षमोक्ष लागेल," फर्गस म्हणाला. "लेखिकेचं हस्तलिखित विद्यापीठात आलंय. सोमवारी आपल्यातल्या एकाला बघू देणार आहेत."

"सुटले बाई! मग गुरुवारी मी लेकीकडे जायला मोकळी."

"आणि आपलं इथलं जमणं?" एफीने विचारलं.

"अगं, उत्तर मिळाल्यावर जमायचं कशाला?"

एफीने कप खाली ठेवला. "सोमवारी मी जाते. तुम्हाला तिचं अक्षर लागायचं नाही."

पुढच्या गुरुवारी ती आली, तेव्हा दोघं अंगातले कोटही न काढता बसले होते.

"बोला, एफी!"

"छापलंय तसंच आहे. 'दार उघडलं आणि इर्ना आत गेली.' त्याच्या आधी काही नाही."

"म्हणजे मुद्दाम!" फर्गस उठूनच उभा राहिला. "म्हणजे ते दार जादूचं नव्हतंच!"

"मग मंत्र काय घसा साफ करायला म्हटला तिने, गाढवा?" मॉरगने कोट काढून खुर्चीला अडकवला. "एफी, चहा ओत गं. लेकीला सांगते, गुरुवारचं जमायचं नाही."

एफीने तीन कप भरले.

हस्तलिखितात त्याच्या आधी आणखी एक वाक्य होतं: 'दार उघडलं आणि इर्ना आपल्या आईचं नाव विसरली.' दोन्ही वाक्यांची सुरुवात सारखीच. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याची नजर पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर घसरली होती. ते पान कोणी जुळवलं, त्याचं नाव समासात पेन्सिलीने लिहिलेलं होतं, बेचाळीस वर्षांपूर्वीचं, एफीचं स्वतःचं, तिच्याच अक्षरात.