हात काढा
नरोलीच्या कारखान्यातल्या प्रेसचं मेमरी कार्ड रोज सकाळी गायब असायचं. कार्डातली नवी फाइल सापडली नाही की मशीन सुरू करणारा बूटलोडर प्रोग्राम आतच साठवलेली जुनी फाइल उचलायचा, आणि स्पीकरवर ऑपरेटर गोकुळ बोलायचा, "हात काढा, मशीन चालू होतंय." त्याच मशीनमध्ये सापडून गोकुळ गेला, त्याला वर्ष झालं होतं. जुनी फाइल इंजिनियर मानसीनेच लिहिलेली. ती फाइल नुसती बजावायची, हात दिसला तरी मशीन थांबवायची नाही. आज मानसी पहिल्या पाळीआधीच आली. झाडू मारणाऱ्या भिमाबाई, गोकुळची आई, कार्ड पदरात बांधत होत्या. मानसीने ते मागून घेतलं, तोच आवाज नव्या फाइलीत भरला आणि कार्ड बसवलं. "हात काढा," गोकुळ म्हणाला. भिमाबाईंनी उलट साच्यात हात घातला. मशीन जागच्या जागी थांबलं. "मग त्या दिवशी का नाही थांबलं, ताई?"