पळसाचा पुतळा

छत्तीस सालच्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात एका तंबूत समुद्राचे फोटो मांडले होते: जुनी गलबतं, कोळणी, कापसाचे गठ्ठे. लेकीला खांद्यावर बसवून चुडामण बघत होता. "बाकीचे जुने. हा मात्र यंदाचा, सुरत बंदरातला," तंबूवाला म्हणाला. चुडामण त्या फोटोजवळ सरकला. गठ्ठा वाहणाऱ्या हमालाचा तुटका कान सोडला, तर चेहरा चुडामणचाच होता. तापीच्या पुरात वाहून गेलेला, तुटक्या कानाचा थोरला भाऊ! बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघावी, असं जाणते बजावत होते. पण भावजय भिकुबाईवर जीव जडलेल्या चुडामणनं वर्षातच त्याला मेलेला ठरवून प्रेताऐवजी पळसपानांचा पुतळा करून जाळला आणि तिच्याशी पाट लावला. "तठे काय शे? मालेबी देखू द्या," मागून भिकुबाई म्हणाली. "काहीच नही," म्हणत तो फोटो अंगाआड झाकायला त्याला चिकटला. खांद्यावरच्या पोरीनं वाकून फोटोवर बोट टेकवलं. "माय, देख, बा!"